ई-मेल तपासणारं फंक्शन जावास्क्रिप्टमधून पायथनमध्ये नेताना : साचा तोच, अर्थ वेगळा



आजचा पाठ संगणकाचा आहे, पण सुरुवात भाषेच्या तासापासून करूया. 'शिक्षा' हा शब्द घ्या. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत दंड. अक्षरं तीच, उच्चार तोच. 'चेष्टा' या शब्दाचंही तसंच. हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदी उताऱ्याचं मराठी भाषांतर करताना एखाद्या मुलाने हे शब्द जसेच्या तसे उचलले, तर वाक्य व्याकरणात बरोबर दिसतं, पण अर्थ पार बदलतो. आपण लाल पेनाने गोल करतो आणि समासात लिहितो, 'अर्थ पहा.'

प्रोग्रामिंगच्या भाषांमध्येही असे 'शिक्षा' आणि 'चेष्टा' असतात. फरक एवढाच, की तिथे लाल पेन घेऊन कुणी बसलेलं नसतं. प्रोग्राम चालतो, चूक दाखवत नाही, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

माझ्या हातून ही चूक झाली आहे. ती आधी सांगते, मग पाठाकडे वळू.

काय घडलं होतं?

आमच्या शाळेत पालकांची माहिती एका ऑनलाइन फॉर्मवर भरून घेतली होती. त्या फॉर्ममध्ये ई-मेल तपासणारं एक छोटं फंक्शन होतं, जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं. चुकीचा पत्ता टाकला की फॉर्म पुढे जायचाच नाही. पुढे ती यादी ऑफिसात गेली. छापील यादीत सगळे आकडे मराठीत हवेत म्हणून ऑफिसमधल्या भाऊंनी 'शोधा आणि बदला' वापरून १ ते ९ आणि शून्य असे सगळे इंग्रजी आकडे मराठी केले आणि फाईल त्याच नावाने जतन केली. हेतू चांगलाच होता. पण ई-मेलच्या रकान्यातले आकडेही बदलले. म्हणजे पत्त्यातलं नाव इंग्रजी अक्षरांत, आणि नावापुढचं जन्मसाल मराठी आकड्यांत.

शिष्यवृत्तीच्या अर्जांतल्या त्रुटी पालकांना कळवायच्या होत्या, तेव्हा मी त्याच फाईलवर पायथनचा प्रोग्राम चालवला. ई-मेल तपासायचं फंक्शन फॉर्ममधूनच उचलून पायथनमध्ये आणलं होतं. ओळीला ओळ, खुणेला खूण. प्रोग्रामने सगळे पत्ते 'बरोबर' ठरवले. निरोप पाठवले. काही पोचलेच नाहीत, आणि 'पोचलं नाही' अशा नोंदी ज्या खात्यात आल्या ते खातं त्या आठवड्यात कुणी उघडलं नाही.

मुदत संपल्यावर एक आई शाळेत आल्या. "मॅडम, आम्हाला निरोपच आला नाही हो." त्यांच्या मुलीचा त्या वर्षीचा अर्ज तसाच राहिला.

मूळ जावास्क्रिप्ट फंक्शनने तो पत्ता अडवला असता. माझ्या पायथन 'भाषांतराने' तो सोडला. साचा अक्षरशः तोच होता. मग फरक कुठे पडला? आजचा पाठ त्याचाच आहे.

मूळ फंक्शन काय करतं?

टाइप करताना कोड रोमन लिपीत असतो हे आपल्याला माहीतच आहे. इथे मी तो मराठीत वाचून दाखवते. उदाहरणातले पत्तेही देवनागरीत लिहिले आहेत, ते रोमन अक्षरांत आहेत असं समजा. जिथे खरोखरच मराठी अक्षर किंवा आकडा आहे, तिथे तसं स्पष्ट सांगेन.

फंक्शन एकच काम करतं. पत्ता एका साच्यात बसतो का, ते पाहतं. या साच्याला 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. वर्गात मी 'साचा' हाच शब्द वापरते. करंजीचा साचा सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे वेगळं समजवावं लागत नाही. आपला साचा असा आहे :

१. ^ ही खूण : इथून सुरुवात.
२. 'शब्दातलं अक्षर', ठिपका, अधिक किंवा आडवी रेघ, यांपैकी काहीही, एक किंवा जास्त वेळा.
३. @ ही खूण, एकदाच.
४. पुन्हा 'शब्दातलं अक्षर' किंवा आडवी रेघ, एक किंवा जास्त वेळा.
५. एक ठिपका.
६. त्यानंतर शब्दातली अक्षरं, ठिपके किंवा आडव्या रेघा, एक किंवा जास्त वेळा.
७. $ ही खूण : इथे शेवट.

'शब्दातलं अक्षर' यासाठी साच्यात एक छोटी खूण असते, उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे डब्ल्यू. तिला आपण 'डब्ल्यूची खूण' म्हणूया. शेवटी जावास्क्रिप्टमध्ये 'टेस्ट' नावाची पद्धत हा साचा पत्त्याला लावते आणि हो किंवा नाही असं उत्तर देते.

पायथनमध्ये या सगळ्या खुणा आहेत आणि दिसायला त्याच आहेत. तीच तर अडचण आहे.

फरक पहिला : 'अक्षर' म्हणजे कुठलं अक्षर?

जावास्क्रिप्टमध्ये डब्ल्यूच्या खुणेचा अर्थ ठरलेला आहे : इंग्रजी लहान-मोठी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि खालची रेघ. बस्स. पायथन ३ मध्ये साध्या मजकुरासाठी याच खुणेचा अर्थ जगातल्या कुठल्याही लिपीचं अक्षर किंवा आकडा असा आहे. देवनागरी, तमिळ, अरबी, सगळं चालतं. त्यामुळे देवनागरी '७' जावास्क्रिप्टला 'अक्षर' वाटत नाही, पायथनला वाटतो. आमची फाईल इथेच सुटली.

वर्गात दाखवायला यातली एक गंमत आहे. पायथनमध्ये फक्त डब्ल्यूच्या खुणेचा साचा घ्या आणि दोन नावं खरोखर देवनागरीत टाइप करून तपासा. 'कमल' पास होते. 'सुनीता' नापास! कारण पायथनच्या लेखी क, म, ल ही अक्षरं आहेत, पण उकार, वेलांटी आणि काना ही स्वतंत्र चिन्हं आहेत आणि ती 'अक्षर' या गटात बसत नाहीत. मुलं हे पाहून हसतात, आणि मग कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मग काना-मात्रा म्हणजे अक्षर नाही का?" या प्रश्नावर मराठीच्या शिक्षकांनाही वर्गात बोलवावं असं मला वाटतं.

उपाय दोन आहेत. पायथनला 'आस्की' नावाची सूचना देता येते, म्हणजे तो डब्ल्यूच्या खुणेचा अर्थ इंग्रजीपुरता घेतो. किंवा खूण वापरायचीच नाही. चौकटी कंसात ए ते झेड लहान, ए ते झेड मोठी, इंग्रजी शून्य ते नऊ आणि खालची रेघ असं स्पष्ट लिहायचं. मी दुसरा उपाय सुचवते. उद्या हेच फंक्शन तिसऱ्या भाषेत न्यायचं झालं तरी त्या कंसाचा अर्थ बदलणार नाही.

फरक दुसरा : शेवट म्हणजे नक्की कुठे?

$ म्हणजे शेवट, असं आपण शिकवतो. जावास्क्रिप्टमध्ये, 'अनेक ओळी' ही सूचना दिलेली नसेल तर, ते अगदी खरं आहे. पायथनमध्ये $ थोडी सूट देतो. मजकुराच्या अगदी शेवटी 'नवी ओळ' हे न दिसणारं चिन्ह असेल, तर त्याच्या आधीची जागाही त्याला शेवट म्हणून चालते.

आता मजकुराच्या फाईलमधून एकेक ओळ वाचा. ओळीच्या शेवटी सहसा हे चिन्ह असतं. म्हणजे पत्ता अधिक नवी ओळ, हे सगळं मिळून 'बरोबर' ठरतं. पुढे तोच पत्ता दुसऱ्या यादीशी जुळवायला गेलं की जुळत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. असा तास न् तास वाया घालवलेले शिक्षक मी पाहिले आहेत, त्यात मीही आहे.

याला जोडूनच आणखी एक. पायथनमध्ये साचा लावायच्या तीन पद्धती आहेत. 'सर्च' मजकुरात कुठेही शोधते. 'मॅच' फक्त सुरुवातीपासून पाहते, शेवटाची फिकीर करत नाही. 'फुलमॅच' पूर्ण मजकूर साच्यात बसतो का ते पाहते. ही तिसरी पद्धत पायथन ३.४ पासून आहे. तपासणीसाठी आपल्याला तीच हवी. तिच्यासमोर शेवटची नवी ओळ लपत नाही.

फरक तिसरा : उत्तर कुठल्या स्वरूपात येतं?

जावास्क्रिप्टची 'टेस्ट' पद्धत सरळ हो किंवा नाही म्हणते. पायथनची 'फुलमॅच' तसं म्हणत नाही. साचा जुळला तर ती 'काय जुळलं' याची माहिती असलेली एक वस्तू देते, आणि जुळला नाही तर 'नन' देते. नन म्हणजे 'काहीच नाही'.

'जर' लावून विचारलं तर दोन्ही भाषांत सारखंच चालतं, म्हणून हा फरक लगेच लक्षात येत नाही. पण तेच उत्तर यादीच्या रकान्यात लिहिलं, की हो-नाही ऐवजी तिथे भलताच मजकूर दिसतो. म्हणून फंक्शनच्या शेवटी 'उत्तर नन नाही ना?' असं विचारून खरं हो-नाही परत द्यावं.

फरक चौथा : रकाना रिकामाच असेल तर?

जावास्क्रिप्ट या बाबतीत सांभाळून घेणारी आहे. पत्त्याच्या जागी 'नल', म्हणजे तिथली 'काहीच नाही' ही किंमत, दिली तर ती त्याचा चार अक्षरी शब्द करते, त्यात @ नाही असं पाहते आणि 'नाही' म्हणते. पायथन इथे थेट अडतो. 'मजकूर द्या, हे काय दिलंत?' अशा अर्थाची चूक दाखवून प्रोग्राम थांबतो. चारशे नावांच्या यादीत पंधराव्या पालकांनी ई-मेल दिला नसेल, तर पुढचे सगळे तपासायचे राहतात.

म्हणून पहिलीच ओळ अशी हवी : आलेली किंमत मजकूर नसेल, तर 'नाही' सांगून परत जा.

फरक पाचवा : मुळातच खोट असेल तर?

जावास्क्रिप्टमध्ये साच्यापुढे 'जी' हे अक्षर लावायची सोय आहे, सगळ्या जुळण्या शोधण्यासाठी. हे 'जी' लावलेला साचा फंक्शनच्या बाहेर एकदाच लिहून ठेवला, तर 'टेस्ट' मागच्या वेळी कुठे थांबलो ते लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी तिथून सुरू करते. परिणाम असा, की एकच बरोबर पत्ता लागोपाठ तपासला तर पहिल्यांदा हो, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा पुन्हा हो! पायथनमध्ये असं काही नसतं, त्यामुळे ही सवय तिकडे न्यायची गरज नाही.

पण सगळ्याच खोटींचं असं नसतं. आपला साचा 'सुनीता..पाटील@उदाहरण.कॉम' असे लागोपाठ दोन ठिपकेही चालवून घेतो. ई-मेलच्या नियमांत साध्या लिहिलेल्या पत्त्यात ते चालत नाहीत. भाषांतर करताना हे दुरुस्त करावं का?

माझं मत : लगेच नको. आधी मूळ फंक्शनसारखंच वागणारं पायथन फंक्शन तयार करा. दोन्ही सारखी उत्तरं देतात याची खात्री करा. मग सुधारणा करा, आणि ती दोन्हीकडे करा. भाषांतर आणि दुरुस्ती एकाच बैठकीत केली, तर पुढे उत्तर बदललं तेव्हा ते कशामुळे बदललं हे कुणालाच सांगता येत नाही.

आधी तक्ता, मग कोड

आता मुख्य गोष्ट. त्या प्रसंगानंतर मी वर्गात एक नियम केला. कोडच्या भाषांतराला हात लावण्याआधी उदाहरणांचा तक्ता लिहायचा. प्रत्येक उदाहरणासमोर अपेक्षित उत्तर, तेही स्वतःच्या विचाराने. मग तोच तक्ता दोन्ही भाषांतल्या फंक्शनना द्यायचा. आमचा तक्ता असा आहे :

१. सुनीता@उदाहरण.कॉम — हो
२. सुनीता.पाटील@उदाहरण.को.इन — हो
३. सुनीता+शाळा@उदाहरण.कॉम — हो
४. सुनीता.उदाहरण.कॉम (@ नाही) — नाही
५. @उदाहरण.कॉम (आधी काही नाही) — नाही
६. सुनीता@@उदाहरण.कॉम — नाही
७. सुनीता पाटील@उदाहरण.कॉम (मध्ये जागा) — नाही
८. सुनीता@उदाहरण (ठिपका नाही) — नाही
९. नाव रोमन, पुढे खरोखर मराठी आकडे — नाही
१०. पहिलाच पत्ता, पण शेवटी नवी ओळ — नाही
११. रिकामा मजकूर — नाही
१२. मजकूरच नाही, म्हणजे नल किंवा नन — नाही

पहिली आठ उदाहरणं कुणालाही सुचतात, आणि माझं चुकीचं भाषांतरही त्या आठांत पैकीच्या पैकी गुण मिळवायचं. ते पडलं नवव्या आणि दहाव्या उदाहरणावर, आणि बाराव्यावर तर प्रोग्रामच थांबला. म्हणून तक्ता करताना मुलांना विचारायचं, "आपल्या गावात, आपल्या शाळेत, हा पत्ता कोण टाइप करणार? कशावर? त्याच्या हातून काय होऊ शकतं?" मराठी कळफलक, चुकून दिलेली जागा, दुसऱ्या फाईलमधून चिकटवलेली ओळ, ही उत्तरं पुस्तकात नसतात, मुलांकडे असतात.

तक्त्याला पुरून उरणारं पायथन फंक्शन शेवटी तीनच पायऱ्यांचं होतं :

१. आलेली किंमत मजकूर नसेल तर 'नाही'.
२. इंग्रजी अक्षरं आणि आकडे स्पष्ट लिहिलेला साचा 'फुलमॅच'ने लावा.
३. उत्तर नन नसेल तर 'हो', असेल तर 'नाही'.

साचा काय सांगू शकत नाही

इथे थोडं थांबूया, कारण मुलांचा एक गैरसमज होतो. साच्यात बसला म्हणजे पत्ता खरा, असं त्यांना वाटतं. साचा फक्त आकार पाहतो. पाकिटावर नाव, गाव आणि पिनकोड लिहिलेला आहे एवढंच तो सांगतो. त्या घरात कुणी राहतं का, हे त्याला माहीत नसतं. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी पत्ता साच्यात मस्त बसतो. खात्री करायचा मार्ग एकच, त्या पत्त्यावर निरोप पाठवायचा आणि समोरच्याकडून पोच घ्यायची.

लांबीही साचा पाहत नाही. नियमांप्रमाणे @ च्या आधीचा भाग जास्तीत जास्त ६४ आणि पूर्ण पत्ता २५४ बाइटांपर्यंत असू शकतो. रोमन पत्त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. ही तपासणी हवी असेल तर वेगळ्या ओळीत करावी.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मराठी अक्षरांचा ई-मेल पत्ता 'चूक' असतो असं नाही. २०१२ पासून इतर लिप्यांतल्या पत्त्यांसाठीही प्रमाण नियम आहेत, आणि '.भारत' या देवनागरी शेवटाची नावं २०१४ पासून घेता येतात. आमच्या तक्त्यात नवव्या उदाहरणासमोर 'नाही' आहे, कारण आमच्या पालकांचे सगळे पत्ते रोमन आहेत आणि तिथे मराठी आकडा आला तर तो चुकूनच आलेला असतो. तो आमचा निर्णय आहे. उद्या एखाद्या पालकाने खरोखर देवनागरी पत्ता दिला, तर तक्ता बदलावा लागेल, मग साचा, आणि तोही दोन्ही भाषांत. तक्ता हाताशी असला की हे बदल करायची भीती वाटत नाही.

शिक्षकांसाठी : एका तासाचं नियोजन

● पहिली दहा मिनिटं : 'शिक्षा', 'चेष्टा' असे आणखी शब्द मुलांकडून काढून घ्या.
● पुढची दहा मिनिटं : गटागटाने उदाहरणांचा तक्ता कागदावर. संगणक बंद.
● पुढची पंधरा मिनिटं : मूळ फंक्शनला तक्ता द्या, मग शब्दशः भाषांतराला द्या. उत्तरं शेजारी शेजारी लिहा आणि फरक शोधा.
● शेवटची पाच मिनिटं : कुठला फरक कुठल्या खुणेमुळे, हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगायचं.

आता बरीच मुलं एआयला सांगून कोडचं भाषांतर करून घेतात. त्यांना अडवत बसण्यापेक्षा तक्ता मागा. भाषांतर कुणी का केलेलं असेना, तक्त्यातल्या बारा ओळी त्यालाही द्यायच्याच.

पालकांसाठी

मूल घरी म्हणालं, 'माझा प्रोग्राम चालतो', तर कोड कळत नसला तरी दोन प्रश्न नक्की विचारा. 'कशावर तपासलास?' आणि 'चुकीचं काही देऊन पाहिलंस का?' आणि हो, शाळेच्या फॉर्मवर ई-मेल लिहिताना कळफलक इंग्रजीवर आहे ना, आकड्यांसकट, हे एकदा पाहून घ्या.

त्या आईंना मी नंतर भेटून काय झालं ते सांगितलं. डब्ल्यूची खूण वगैरे काही सांगितलं नाही, चूक माझ्या प्रोग्रामची होती एवढंच सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीचा अर्ज मी स्वतः बसून भरून घेतला. निरोप ई-मेलने पाठवला, आणि फोनही केला.

तुमच्या वर्गातल्या तक्त्यात आमच्या बारांपेक्षा वेगळं उदाहरण सापडलं, तर जरूर कळवा. आमच्या तक्त्यात तेरावी ओळ लिहायला जागा ठेवली आहे.